तीन हजारांत रोजच्या गाण्यांसाठी हेडफोन: कुठला घ्यावा?

निवांत_डोंबिवलीकर

नमस्कार मंडळी,

रोज गाणी ऐकायला हेडफोन घ्यायचाय. बजेट तीन हजार, फारच ताणलं तर साडेतीन. डोंबिवली ते दादर लोकल, मग ऑफिसात मधूनमधून आणि रात्री घरी सगळे झोपल्यावर तासभर, असा वापर. ऐकतो ते बहुतेक शास्त्रीय, नाट्यसंगीत, जुनी भावगीतं. मुलगी शेजारी असली की रहमान.

सध्या कानातले वायरलेस बड्स आहेत. उजवा ठणठणीत, पण डावा ठाणे यायच्या आत मान टाकतो. दुकानदार म्हणतो यांची बॅटरी बदलत नाही, नवीनच घ्या. शिवाय ते रबर कानात फार वेळ राहिलं की खाज सुटते.

तर डोक्यावरून घालायचा घ्यावा का? वायरचा की ब्लूटूथ? फोनला गोल जॅक नाही. बोलायला माइक नसला तरी चालेल, मला फोन फक्त बायकोचे आणि कर्ज देणाऱ्यांचे येतात.

जुने धागे चाळले, पण त्यातली निम्मी मॉडेलं आता मिळतच नाहीत.

बोरीबंदर

सोनी डब्ल्यूएच-सीएच५२०. बजेटच्या थोडा वर जाईल, सेलची वाट बघा. विषय संपला.

चहाटळ

विषय संपला म्हणे! अहो बोरीबंदर, हा हेडफोनचा धागा आहे. शंभर प्रतिसादांच्या आत संपला तर अॅडमिन दंड करतील.

मंद्रसप्तक

निवांतराव, तुमच्या ऐकण्याची यादी बघून एकच नाव सुचतं: कॉस पोर्टा प्रो. १९८४ साली आलेला हेडफोन, अजून जवळजवळ त्याच रूपात विकला जातो. पातळ पोलादी पट्टी, कानावर टेकणारे स्पंजचे गोल, आणि कानाच्या वरच्या बाजूला डोक्यावर टेकणारी आणखी दोन पॅडं. त्यामुळे सगळा भार कानावर येत नाही. बाजूला एक सरकतं बटण आहे, त्याने दाब कमीजास्त होतो. दिसायला जुन्या हिंदी सिनेमातल्या वैमानिकाचा वाटतो, पण गाणं लागलं की दिसण्याचं काही वाटत नाही. गळ्याचा पोत जसाच्या तसा येतो. किशोरीताईंचा आलाप डोक्याच्या आत अडकल्यासारखा न वाटता थोडा बाहेर, समोर वाटतो. हा पाठीमागून उघड्या बांधणीचा गुण.

तोच दोषही. आतलं बाहेर जातं आणि बाहेरचं आत येतं. रात्री घरी, ऑफिसात कोपऱ्यातल्या टेबलावर उत्तम. लोकलमध्ये मात्र गाणं तुम्हाला कमी आणि शेजारच्याला जास्त.

जुईली_सांगलीकर

पोर्टा प्रोबद्दल कुणी न सांगितलेली गोष्ट: ती पोलादी पट्टी एकात एक सरकते आणि सरकताना केस धरते. लांब केस असतील तर प्रत्येक वेळी दोनचार बळी. मी आधी पट्टी पुरती उघडते, मग घालते आणि डोक्यावर असताना अजिबात सरकवत नाही. आवाजासाठी मात्र मंद्रसप्तक यांना +१.

निवांत_डोंबिवलीकर

जुईलीताई, केसांची चिंता नाही. तो प्रश्न निसर्गाने आधीच सोडवलाय.

पोटमाळा

😂😂

खोपोली_फास्ट

मी उलट बाजूने बोलतो. सकाळी आठच्या डोंबिवली लोकलमध्ये वायर? कुणाच्या बॅगेच्या पट्ट्यात अडकली की फोनसकट ठाणे गाठते. ज्यांना वायर आवडते ते बहुधा घरून काम करतात. ब्लूटूथ घ्या, फोन खिशात ठेवा, चेन लावा.

आणि ते कोडेकचं, म्हणजे ब्लूटूथवर गाणं दाबून पाठवायच्या पद्धतीचं, पुराण गाडीत गैरलागू आहे. एलडॅक म्हणे ९९० केबीपीएसपर्यंत जातं. जाऊ दे की. मुंब्र्याच्या बोगद्यात गाडी खडखडत असताना साधं एसबीसी कोडेक आणि एलडॅक यातला फरक सांगणाऱ्याला मी माझ्या खर्चाने वडापाव देईन.

मंद्रसप्तक

वडापाव तुमचा तुम्हीच खा, कारण गाडीपुरतं तुमचं म्हणणं मान्य आहे. पण निवांतराव रात्रीही ऐकतात. आणि बॅटरीचं काय? त्यांचा डावा बड गेला म्हणूनच तर हा धागा निघाला. ब्लूटूथ वस्तूचं आयुष्य तिच्या बॅटरीइतकं. वायरच्या हेडफोनचं आयुष्य त्याच्या वायरइतकं, आणि वायर बदलता येते.

अण्णा_सोल्डर

वायरचा विषय निघाला म्हणून आलो. पुण्यात तपकीर गल्लीत आजही कुणीतरी पिन बदलून देतं. स्वतः करायची असेल तर बहुतेक लोक जिथे फसतात ते सांगतो.

हेडफोनच्या वायरीत आत केसासारख्या तांब्याच्या तारा असतात आणि त्यांच्यावर रंगीत इनॅमलचा थर असतो. सोबत नायलॉनचे धागे गुंफलेले. लोक प्लास्टिक सोलतात, लगेच डाग देतात आणि म्हणतात आवाज येत नाही. कसा येणार? तो रंग म्हणजेच इन्सुलेशन. आधी डागणीच्या टोकावर सोल्डरचा छोटा थेंब घ्यायचा, तारेचं टोक त्यात बुडवून धरायचं. थोडा धूर होतो, इनॅमल जळतं, तार चंदेरी दिसायला लागते. मग जोडायची. बहुतेकदा लाल म्हणजे उजवा, हिरवी किंवा निळी डावा, आणि बिनरंगी तांब्याची तार अर्थ, म्हणजे दोन्ही बाजूंची सामायिक तार. पण मीटर लावून खात्री करा, कंपन्या मनाला येईल ते रंग वापरतात.

माइकवाला असेल तर पिनेवर चार भाग असतात. हल्लीच्या फोनांना टोक डावा, मग उजवा, मग अर्थ आणि शेवटी माइक असा क्रम लागतो. जुन्या काही फोनांत शेवटचे दोन उलटे असायचे. तेव्हा गाणं वाजतं पण गायक विहिरीत पडल्यासारखा वाटतो.

आणि विकत घेतानाच काटकोनी पिन बघून घ्या. खिशात वाकून सरळ पिनेच्या मुळाशीच वायर तुटते.

चहाटळ

अण्णा, शेवटचे दोन उलटे झाले की गायक जातो आणि पेटी-तबला उरतो ना? आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी तसंच वाजायचं. आम्हाला वाटायचं कॅराओके आहे.

अण्णा_सोल्डर

बरोबर. अर्थ नीट जुळला नाही की डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. गायक दोन्हीकडे सारखा असतो, तो वजा होतो. ज्या जुन्या मोनो रेकॉर्डिंगमध्ये सगळंच दोन्हीकडे सारखं, तिथे तर जवळजवळ काहीच उरत नाही.

खर्जातला_सा

निवांतजी, खाज सुटते म्हणून कानातले बाद करू नका. बहुधा रबराचं माप चुकलंय. डब्यात तीन मापं येतात, लोक मधलं लावतात आणि तेच आयुष्यभर वापरतात. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही. मला डावीकडे लहान आणि उजवीकडे मधलं लागतं. रबर रोज पुसायचं आणि अधूनमधून काढून साबणाने धुवायचं. पूर्ण वाळल्याशिवाय परत लावायचं नाही, खाजेचं अर्धं कारण तिथेच असतं.

घालण्याचीही पद्धत आहे. दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, आत सरकवायचं, मग पाळी सोडायची. बाहेरचा आवाज झपकन कमी झाला पाहिजे. झाला नाही तर फट राहिली, आणि फट राहिली की खालचे सूर गेलेच. "याला बास नाही" म्हणून परत केलेल्या इअरफोनांपैकी कित्येकांत दोष इतकाच असतो.

तपासायला तानपुऱ्याचं अॅप घ्या. काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) लावा. पुरुष गायकाच्या तानपुऱ्यात खर्जाची तार तेव्हा साधारण ६९ हर्ट्झला असते आणि मधल्या जोडीच्या तारा १३९ च्या आसपास. नीट बसलेल्या इअरफोनमध्ये खर्ज छातीत जाणवतो. फट असेल तर जवारीची झिणझिण ऐकू येते, पण तळ लागत नाही. दुकानात कर्कश नाचाची गाणी लावून हेडफोन निवडतात त्यापेक्षा ही परीक्षा शंभर पटींनी बरी.

वायरचे हवे असतील तर दोन हजारांच्या आतबाहेर चिनी आयईएम, म्हणजे कानात घट्ट बसणारे इअरफोन, मिळतात: मूनड्रॉप चू २, सेव्हन हर्ट्झ झीरो २. दोन्हींच्या वायरी निघतात, म्हणजे तुटली तर फक्त वायर घ्यायची. दहा वर्षांपूर्वी या किमतीत असा आवाज मिळत नव्हता.

विंगेतला

शास्त्रीयाला बास कशाला हवा? तो पंजाबी गाण्यांना लागतो.

खर्जातला_सा

डग्गा काय मग तुम्ही बघून ऐकता?

विंगेतला

😂 बरं, मान्य. पण हल्लीच्या स्वस्त हेडफोनात डग्गा इतका फुगवतात की गायक त्याच्यामागे उभा राहून गातोय असं वाटतं.

खर्जातला_सा

त्यावर दुमत नाहीच. खोक्यावर "एक्स्ट्रा बास", "थंडर" असलं काही लिहिलेलं दिसलं की पुढचं दुकान गाठायचं. बास असणं वेगळं, तो सगळ्यांच्या डोक्यावर बसणं वेगळं.

डॉ_खुर्चीवाले

दुसऱ्या बाजूने थोडं. जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) यांच्या मानकाप्रमाणे मोठ्यांसाठी मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास. यात तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास आणि ९० डेसिबलला आठवड्यात फक्त ४ तास.

आता लोकलचा विचार करा. उघड्या बांधणीचा हेडफोन घातला की गाडीचा खडखडाट तसाच आत येतो. गाणं त्याच्यावर चढवायला तुम्ही आवाज वाढवता. कानाला ते जाणवत नाही, कारण आजूबाजूला गोंगाटच इतका असतो. जाऊन-येऊन रोज दोन तास धरले तर आठवड्याचा कोटा प्रवासातच संपतो. तेव्हा गाडीसाठी बाहेरचा आवाज अडवणारंच काहीतरी हवं, नीट बसणारं कानातलं किंवा नॉइज कॅन्सलिंग. आवाजाच्या दर्जासाठी म्हणत नाही, कमी व्हॉल्यूममध्ये भागावं म्हणून.

घरी येऊन बघायची सोपी खूण: गाडीत होता तोच व्हॉल्यूम शांत खोलीत लावा. दचकलात तर समजा.

खाज सतत असेल, पाणी येत असेल तर कानाच्या डॉक्टरला दाखवा. तोवर कानात काहीही घालू नका, कापसाची काडीसुद्धा.

खोपोली_फास्ट

डॉक्टर, प्लॅटफॉर्मवर मात्र एक कान मोकळा ठेवा हेही सांगा. रूळ ओलांडणारे आणि दुचाकीवर दोन्ही कान बंद करून हिंडणारे यांना कुठलंच मॉडेल सुचवू नये.

डॉ_खुर्चीवाले

शंभर टक्के.

ओक_पार्कची_मावशी

कॉसचं नाव वाचून राहवलं नाही. आम्ही शिकागोजवळ राहतो आणि कॉस कंपनी इथून उत्तरेला मिलवॉकीची. जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये एसपी/३ हा स्टिरिओ हेडफोन आणला. त्याआधी हेडफोन म्हणजे टेलिफोन ऑपरेटर आणि सैन्यातल्या लोकांची वस्तू, घरात बसून गाणी ऐकायला सहसा कुणी घालत नसे. इथे पोर्टा प्रोवर मर्यादित आजीवन वॉरंटी आहे, तुटका पाठवला की बदलून मिळतो. भारतात ती चालेल असं धरून चालू नका, विकत घेताना विक्रेत्याला विचारा.

त्यांचाच केएससी७५ नावाचा प्रकार आहे, पट्टी नाही, नुसते कानावर अडकवायचे आकडे. इथे वीसेक डॉलरला मिळतो. मुलगा भारतात येताना चारचार घेऊन येतो, मामेभावंडांची ऑर्डर असते. दिसायला अगदीच मिसळीतल्या फरसाणाइतका किरकोळ, पण आवाज बघून लोक चकित होतात.

पोटमाळा

मावशी, आमच्याकडे उलटी गंगा होती. दुबईचा काका वॉकमन घेऊन आला होता, त्याचे केशरी स्पंज अजून आठवतात. पुढे ते स्पंज हाताला भुग्यासारखे लागायला लागले.

जाता जाता, सोनीच्या पहिल्या वॉकमनला, १९७९ च्या टीपीएस-एल२ ला, हेडफोनची दोन भोकं होती. दोघांनी मिळून ऐकायचं. आणि एक केशरी बटण होतं, ते दाबलं की गाणं खाली जायचं आणि माइकमधून एकमेकांशी बोलता यायचं. आताच्या फोनना एकसुद्धा भोक नाही, प्रगती म्हणायची!

कोल्हापुरी_पांढरा

भोकाचा विषय निघालाच आहे तर फोनच्या चार्जिंगच्या भोकात लावून गोल जॅक देणाऱ्या त्या टाइप-सी डोंगलबद्दल कुणी बोलणार का? धागाकर्त्याच्या फोनला जॅक नाही आणि सगळे वायरचे हेडफोन सुचवून मोकळे.

अण्णा_सोल्डर

बरोबर पकडलंत. डोंगल दोन जातींचे. एकात नुसती वायर असते, फोनच आतून अॅनालॉग आवाज देईल अशी तिची अपेक्षा. सगळे फोन तो देत नाहीत. रस्त्यावर शंभर रुपयांत मिळणारे बहुतेक या जातीचे आणि मग "चालत नाही" म्हणून कचऱ्यात. दुसऱ्यात छोटा डॅक असतो, डिजिटलचं गाणं तोच करतो. हा घ्यायचा. खोक्यावर डॅक लिहिलंय का बघा.

अॅपलचा टाइप-सी डोंगल आवाजाला फार स्वच्छ आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर त्याचा आवाज कमी येतो. पोर्टा प्रो ६० ओहमचा आहे, म्हणजे त्याला जोर जास्त लागतो, तिथे तर जाणवेलच. आयईएमना सहसा त्रास नाही. हल्ली सातआठशे रुपयांपासून इतरही डॅकवाले मिळतात. बजेटमध्ये हे पैसे आधीच बाजूला काढा.

सुवर्णतारा_ऑडिओ

मंडळी, पण खरा फरक हवा असेल तर चांदीचा मुलामा दिलेली वायर...

चहाटळ

आले! अण्णा, डागणी गरम करा.

अण्णा_सोल्डर

सव्वा मीटर वायरीत चांदी घालून कानाला काही कळत नाही. त्या पैशांत दोन चांगली रबरं आणि एक डोंगल येतो. हे माझं शेवटचं वाक्य या विषयावर.

सुवर्णतारा_ऑडिओ

तुम्ही ऐकलीच नाहीये.

अण्णा_सोल्डर

वायर बघतोय रोज. ती ऐकायची नसते. (हे खरंच शेवटचं.)

जुईली_सांगलीकर

दोघांनी आता स्वतंत्र धागा काढावा ही विनंती 🙏

मुद्द्याचं: डोक्यावरचा, पण चामड्यासारख्या गाद्यांचा घेणार असाल तर मुंबईची हवा लक्षात घ्या. ते चामडं नसतं, पॉलियुरेथेनचा पापुद्रा असतो. घाम आणि पावसाळी दमटपणाने तो सोलतो आणि ऐन मीटिंगमध्ये कानाला काळे कपचे चिकटलेले दिसतात. बदलायच्या गाद्या मिळतात का, हे घेण्याआधी बघा. बऱ्याच नवीन ब्रँडांच्या मिळत नाहीत. स्पंजवाले बरे, स्पंज स्वस्तात मिळतो आणि धुता येतो.

बोरीबंदर

आणि "मूळ किंमत ५,९९९, आज फक्त ९९९" याला भुलू नका. तो ९९९ चाच असतो, वर्षभर.

निवांत_डोंबिवलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी मुलीला घेऊन दोन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानात डेमोला फक्त ब्लूटूथ होते आणि विक्रेता माझ्या हातातून फोन घेऊन स्वतःचंच गाणं लावत होता. दुसऱ्यात खर्जातला_सा यांची तानपुऱ्याची परीक्षा केली. काउंटरवरच्या पोराला वाटलं आत्ता हे गायला लागतात. पण फरक लख्ख कळला: एका बड्या नावाच्या हेडफोनात काळी एकचा खर्ज नुसता घुमत होता, सूर कुठला ते कळेना. शेजारच्या साध्या आयईएममध्ये तार वेगळी ऐकू आली. कान ओढून घालायची युक्तीही चालली.

डॉक्टरांचं गणित वाचून गाडीत उघडा हेडफोन नको हे पक्कं केलं. म्हणून झीरो २ आणि डॅकवाला डोंगल घेतला. सगळं मिळून तीन हजारांच्या आत. रबर सगळ्यात लहान लागलं, इतकी वर्षं मधलं वापरत होतो. वायर शर्टाच्या आतून घेतो, म्हणजे खोपोली_फास्ट यांचं ठाणे टळेल. पोर्टा प्रो दिवाळीच्या बोनसवर.

मंद्रसप्तक

उत्तम. बोनस आला की कळवा.

खोपोली_फास्ट

पहिली वायर तुटली की कळवा.

पोटमाळा

आता आमच्या जुन्या रेकॉर्डिंगांचं बघा. लाखेच्या तबकड्यांवरून उतरवलेली नाट्यपदं चांगल्या इअरफोनवर ऐकली तर खरखर आणि टकटक आधी ऐकू येते, गायक मागाहून.

खर्जातला_सा

इक्वलायझरमध्ये ६ किलोहर्ट्झच्या वरचं थोडं उतरवा. त्या तबकड्यांत तिथे गाणं नाममात्रच, उरलेली सगळी खरखर. पण फार उतरवू नका, मग तंतुवाद्यं कांबळ्यात गुंडाळल्यासारखी वाटतात.

नवी_सदस्या_२२

धाग्याशी थोडं अवांतर. आईला भजनं ऐकायची असतात, पण कानामागे श्रवणयंत्र आहे. हेडफोन लावला की शिट्टी वाजते. काही उपाय?

डॉ_खुर्चीवाले

शिट्टी म्हणजे यंत्राच्या मायक्रोफोनकडे त्याचाच आवाज परत जातोय. कानावर टेकणारे छोटे हेडफोन घेऊ नका. पूर्ण कान आणि यंत्र दोन्ही झाकतील असे मोठ्या, खोल गाद्यांचे घ्या, मायक्रोफोनला गादी टेकता कामा नये. त्याआधी यंत्राचं मॉडेल बघा. बऱ्याच नव्या यंत्रांत ब्लूटूथ असतं, फोनवरचं भजन थेट यंत्रातच जातं, हेडफोनची गरजच नाही. यंत्र जिथून घेतलं तिथल्या ऑडिओलॉजिस्टकडून जोडून घ्या, आणि आईंना सोबत न्या.

नवी_सदस्या_२२

धन्यवाद डॉक्टर. यंत्रावर ब्लूटूथची खूण आहे, आत्ताच बघितलं. सोमवारी जातो.